गिरडची टेकडी आणि शेख फरीदाची आख्यायिका

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात, नागपूर जिल्ह्याच्या सीमेकडे गिरड हे गाव आहे. १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यानंतर दीर्घकाळ ते हिंगणघाट तहसिलीत मोडत असे. गावाची ख्याती मात्र टेकडीवरील शेख फरीदाच्या दर्ग्यामुळे असून तेथे हिंदू व मुसलमान दोघेही भक्तिभावाने येतात.

तीस वर्षे भ्रमण करून हा साधुपुरुष १२४४ च्या सुमारास येथे स्थिरावला, अशी परंपरा इंपीरियल गॅझेटियरमध्ये नमूद आहे. हा सन जसाच्या तसा स्वीकारणे कठीण आहे. त्या वेळी देवगिरीस यादव सिंघण राज्य करीत होता. अल्लाउद्दीन खलजीची स्वारी १२९६ ची. अर्थात फकिराने सैन्याच्या आधी येऊ नये असा काही नियम नाही, त्यामुळे एवढ्यावरून परंपरा खोटी ठरत नाही. खरी अडचण निराळीच आहे. लोकसमजुतीप्रमाणे हा फरीद म्हणजे चिश्ती संप्रदायातील विख्यात बाबा फरीद मानला, तर त्याचे वास्तव्य अजोधन येथे होते व त्याची कबरही तेथेच, म्हणजे आजच्या पाकपट्टणास आहे. तथापि त्याच्या नावाची चिल्ल्याची स्थाने, म्हणजे चाळीस दिवसांच्या एकांतसाधनेच्या जागा, दूरदूरच्या प्रदेशांत दाखविली जातात. गिरड त्यांपैकीच एक असावे, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो.

आख्यायिका टेकडीवरील वाटोळ्या दगडांविषयी आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी साधूची थट्टा केली, तेव्हा त्यांचे नारळ व इतर सारा माल पाषाण झाला. भूशास्त्रदृष्ट्या हे झिओलाइट वर्गातील खनिजांचे गोळे होत. दख्खनच्या लाव्हारसातील पोकळ्यांत उष्ण पाण्याने खनिजे साचविली आणि भोवतालचा काळा खडक झिजल्यावर हे कठीण गोळे मोकळे झाले. परंतु कल्पनेने त्यांत नारळच पाहावा, हे लक्षणीय आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलुखात नारळ हा परदेशी माल. रेल्वेपूर्व काळी तो बैलांच्या पाठीवरूनच यावयाचा. तेव्हा या कथेत चमत्काराइतकीच त्या व्यापाराची स्मृतीही साठलेली दिसते.

व्यापारी शरण आले असता साधूने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल निर्माण करून दिला. तो घेऊन ते परत गेले नाहीत; साधूच्याच सेवेत राहिले. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्या असल्याचे सांगतात.