जुळ्यांचे घराणे आणि श्टुटगार्टची दफ्तरे

नवविवाहित मुलीस जोडकेळे खाऊ द्यावयाचे नाही, खाल्ल्यास जुळी होतात, अशी समजूत आपल्याकडे घरोघर होती. पण एखाद्या घरी जुळे झाल्याची वार्ता आली म्हणजे त्याच वडीलधाऱ्या स्त्रिया मुलीच्या आजोळचा इतिहास आठवू लागत, आणि हे त्यांचे दुसरे ज्ञान पहिल्याहून कितीतरी खरे होते. महाभारतकारांनीही माद्रीला अश्विनीकुमारांचेच आवाहन करावयास लावले, व जुळ्या देवांपासून नकुल-सहदेव हे जुळे पुत्र जन्मास घातले. जुळेपणा रक्तातून येतो, ही जाणीव अशी पुरातन आहे. परंतु तो कोणाच्या रक्तातून व कोणत्या प्रकारच्या जुळ्यांत येतो, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभी, जर्मनीतील व्युर्टेंबर्ग राज्यात, एका व्यवसायी डॉक्टराने केला.

त्या राज्यात 1808 पासून प्रत्येक धर्मोपदेशकाने आपल्या हद्दीतील कुटुंबांची वही ठेवावी असा सरकारी हुकूम होता. एका कुटुंबास एक पान. वरच्या भागी पतिपत्नींची नावे, जन्मतारखा आणि उभयतांच्या मातापित्यांची नावे, व खाली जन्मक्रमाने अपत्ये, त्यांचे विवाह आणि मृत्यू. ज्या पानावर लागोपाठच्या दोन नावांपुढे एकच जन्मतारीख दिसे तेथे जुळे झाले हे निश्चित, आणि मातेच्या आईबापांच्या नावांचा माग काढीत गेले की तिच्या माहेरचे पान हाती येई. धर्मकार्यासाठी व राज्यकारभारासाठी लिहिलेल्या या दफ्तरांत आनुवंशाचे केवढे धन साठत आहे, याची कल्पना ते लिहिणाऱ्यांना क्वचितच असेल.

ते धन ओळखले विल्हेल्म वाइनबर्ग यांनी. 1862 साली श्टुटगार्टमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी विद्यापीठातील आसन कधी भूषविले नाही. गोरगरिबांची चिकित्सा आणि प्रसूती यांतच त्यांचे आयुष्य गेले, आणि साडेतीन हजारांहून अधिक बाळंतपणे त्यांच्या हातून झाली, त्यांपैकी सव्वाशेच्या आसपास जुळ्यांची होती, असे सांगतात. एका बीजापासून झालेली जुळी नेहमी एकाच लिंगाची असतात. दोन बीजांपासून झालेल्यांत मात्र मुलगा-मुलगी अशी जोडी सुमारे निम्म्या वेळा पडते. तेव्हा भिन्नलिंगी जोड्यांची संख्या दुप्पट केली की द्विबीज जुळ्यांची संख्या मिळते, व उरतील ती एकबीज, हा हिशेब त्यांनी 1901 साली मांडला. गर्भवेष्टने तपासण्याची सोय नसलेल्या जुन्या नोंदींनाही या साध्या गणिताने वाचा फुटली. माझ्या मते त्यांच्या बुद्धीचे खरे तेज येथेच दिसते.

मग जुळी झालेल्या स्त्रियांच्या माता, भगिनी आणि कन्या यांची प्रसूतिवृत्ते त्यांनी त्या वह्यांतून गोळा केली, आणि निष्कर्ष असा निघाला की द्विबीज जुळ्यांची प्रवृत्ती घराण्यात वाहते, एकबीज जुळ्यांची वाहत नाही. त्याचे कारण शरीरधर्मात आहे. एका ऋतुचक्रात दोन बीजे पक्व होणे हे मातेच्या ग्रंथींचे कार्य. मातेचे वय व पूर्वीची बाळंतपणे यांचाही त्यावर परिणाम होतो, आणि द्विबीज जुळे झालेल्या स्त्रीच्या बहिणीस तसा योग इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असतो. एक गर्भ आरंभीच दुभंगणे ही मात्र बहुधा आकस्मिक घटना होय. पित्याच्या घराण्यात कितीही जुळी असोत, त्याच्या पत्नीच्या बीजांवर त्याची सत्ता चालत नाही; तथापि हा वारसा तो मुकाट्याने आपल्या कन्येकडे पोचवितो, आणि एक पिढी गुप्त राहिलेली प्रवृत्ती नातवंडांत प्रकट होते.

तिळ्यांची कथा याहून गुंतागुंतीची. जुळी 89 प्रसूतींत एकदा, तर तिळी 89 च्या वर्गाइतक्या, म्हणजे 7921 प्रसूतींत एकदा, असा नियम हेलिन यांनी 1895 साली सांगितला होता. पण तिळी एक, दोन अथवा तीन बीजांपासून होऊ शकतात, त्यामुळे एकाहून अधिक बीजे असतील तेवढ्यापुरताच घराण्याचा प्रभाव त्यांत शोधावा लागतो.

वाइनबर्ग 1937 साली निवर्तले. द्विबीज जुळ्यांशी निगडित असे दोन जनुकीय भेद 2016 साली हजारो मातांच्या तपासणीतून निश्चित झाले. त्यांपैकी एक, बीजकोशास चेतना देणाऱ्या संप्रेरकाच्या जनुकाशेजारीच सापडला.