जावातील 'देसा' : जमीन, वेठ आणि ग्रामैक्य

जावा बेटातील खेड्याला 'देसा' असे म्हणतात. संस्कृत 'देश' ह्या शब्दाचेच हे जावानी रूप होय. ह्या देसाविषयी गेल्या दोन शतकांत विपुल लेखन झाले आहे व त्यातील बहुतांश लेखनात एकच चित्र पुनःपुन्हा रेखाटलेले आढळते : देसा पुरातन आहे, स्वयंपूर्ण आहे, आणि तेथील शेतकरी जमीन व श्रम ही दोन्ही आपसांत वाटून घेतात. डच अधिकाऱ्यांनी हे चित्र आपल्या राज्यकारभाराच्या सोयीसाठी उचलून धरले. पुढे राष्ट्रीय चळवळीनेही ते आपलेसे केले. १ जून १९४५ च्या आपल्या भाषणात सुकार्नो ह्यांनी पंचशीलाचे सार 'गोतोंग रोयोंग', म्हणजे परस्परसाहाय्य, ह्या एका ग्रामीण कल्पनेत सांगितले. परंतु देसातील समता मुळात कोठून आली, हा प्रश्न ह्या चित्राने सुटत नाही. उपलब्ध इतिहास पाहता असे दिसते की, ज्या काळात गावाने जमीन वाटून घेतली त्या काळात तो प्रामुख्याने वेठीचा भार वाटून घेत होता. आणि भार वाटण्याची गरज संपली तेव्हा वाटणीचा आग्रहही शिथिल झाला.

गावाची घडण

मध्य जावातील साधारण खेडे दुरून पाहिल्यास भातशेतीच्या विस्तारातील एखाद्या हिरव्या बेटासारखे दिसते. घराभोवतालच्या परसात नारळ, केळी, बांबू व फळझाडे ह्यांची दाटी असते. ह्या परसास 'पकारंगन' म्हणतात. त्यापलीकडे पाण्याखालची भातखाचरे, म्हणजे 'सावाह', आणि उंचवट्यावर पावसावर अवलंबून असलेली कोरडवाहू 'तगाल'. एका देसात अनेक वाड्या असतात. त्यांना 'दुकुह' हे नाव आहे. भाताच्या दोन हंगामांमध्ये मका, भुईमूग, सोयाबीन अशी दुबार पिके निघतात. ह्या पिकांचे 'पालाविजा' हे नाव संस्कृत 'फल' व 'बीज' ह्या शब्दांवरून आले असे मानतात.

गावचा मुख्य तो 'लुराह'. त्याच्या हाताखाली कारकुनी करणारा 'चारिक', पाणीवाटप पाहणारा 'उलु-उलु', बंदोबस्त राखणारा 'जागाबाया' आणि लग्न-मयताची धर्मकृत्ये करणारा 'मोदिन' असे कामगार असत. ह्यांना रोख वेतन नसे. पदाकडे जोडलेली 'बेंगकोक' जमीन ते कसत. ह्या जमिनीची तुलना महाराष्ट्रातील पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनी जमिनीशी सहज सुचते. मात्र वतन घराण्यात चालत असे, तर बेंगकोक पदाबरोबर येई आणि पदाबरोबर जाई. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण जावातील गावात जमिनीचा हक्क आणि एखादे कर्तव्य ह्यांची सांगड किती घट्ट होती हे त्यावरून ध्यानात येते.

शेतीच्या कामाची विभागणीही ठरलेली असे. रेड्याचा नांगर पुरुष धरीत. लावणी आणि कापणी स्त्रियांकडे असे. कापणीसाठी तळहातात मावणारे 'अनि-अनि' नावाचे लहानसे पाते वापरीत व एकेक लोंबी खुडीत. भातदेवता देवी श्री हिला विळ्याचे भय वाटू नये म्हणून ही रीत पाळतात, अशी समजूत होती. कापणीस येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला कापलेल्या भाताचा काही हिस्सा मिळे. त्यास 'बावोन' म्हणत. नात्यातल्या व शेजारच्या स्त्रियांचा हिस्सा मोठा, परक्यांचा लहान. भूमिहीन घराला वर्षाचे काही महिने तरी भात मिळण्याचा हा मुख्य मार्ग होता.

सिकेप आणि नुम्पांग

समतेचे चित्र पहिल्यांदा भंगते ते गावातील वर्गभेदापाशी. पूर्ण हक्काचा ग्रामस्थ तो 'सिकेप'. काही भागांत त्याला 'गोगोल' किंवा 'कुली केंचेंग' म्हणत. त्याच्याकडे भातखाचर, घर व परस असे. त्याच्या खालोखाल केवळ घर-परस असलेले लोक. सर्वांत खाली 'नुम्पांग', म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात अथवा घरात राहून त्याच्या शेतावर राबणारे आश्रित. मराठी वाचकास मिरासदार व उपरी हा भेद परिचित आहे. सिकेप आणि नुम्पांग हा भेद काहीसा त्याच जातीचा होता. मात्र सरकारची किंवा सरदाराची वेठ देण्याचे दायित्व सिकेपावर होते, आणि जमीन धारण करण्याचा त्याचा हक्क त्या दायित्वाशीच निगडित होता. वेठीचा गडी म्हणून तो प्रत्यक्षात आपल्या नुम्पांगाला पाठवी. म्हणजे आश्रिताला आसरा देणे हे औदार्य होते तसेच व्यवहारही होता.

मातारामच्या राज्यात महसुलाची गणना गावांनी नव्हे, तर 'चाचाह' ह्या कुटुंबवाचक एककाने होत असे, आणि एकाच वस्तीतील कुटुंबे वेगवेगळ्या सरदारांच्या वाट्याला जात. यान ब्रेमन ह्यांनी ह्याच आधारावर १९८० साली असे प्रतिपादन केले की, सीमाबद्ध व एकसंध असा देसा वसाहतपूर्व काळात अस्तित्वात नव्हता. वासाहतिक राज्यसंस्थेने तो बऱ्याच अंशी घडविला. हे मत सर्वांना सर्वस्वी मान्य नाही. परंतु पुरातन ग्रामसंस्थेच्या कल्पनेला त्याने जो धक्का दिला तो टिकाऊ ठरला आहे.

रॅफल्सचा शेतसारा

१८११ साली इंग्रजांनी जावा जिंकले व टॉमस स्टॅम्फर्ड रॅफल्स तेथील लेफ्टनंट गव्हर्नर झाला. त्याने नेमलेल्या भूमिविषयक आयोगाचा प्रमुख कर्नल कॉलिन मॅकेंझी हा होता. दक्षिण हिंदुस्थानातील मोजणीचा दीर्घ अनुभव घेऊन तो आला होता. १८१३ पासून रॅफल्सने शेतसाऱ्याची पद्धती सुरू केली. भातखाचरांवर प्रतवारीनुसार उत्पन्नाचा निम्मा, दोन-पंचमांश किंवा एक-तृतीयांश, आणि कोरडवाहू जमिनीवर त्याहून कमी असा दर ठरला. आरंभी गाववार ठराव झाले. १८१४ मध्ये, मद्रास इलाख्यातील रयतवारीच्या धर्तीवर, प्रत्येक रयतेशी स्वतंत्र ठराव करण्याचे त्याने योजिले. पण मोजणी झालेली नव्हती आणि पुरेसे कामगारही नव्हते. परिणामी कागदावर रयतवारी राहिली व प्रत्यक्षात गावचा मुख्य सारा वाटून वसूल करीत राहिला. १८१६ मध्ये डच परत आले, त्यांनी शेतसारा कायम ठेवला आणि आकारणी उघडपणे गाववार केली. गाव हे दायित्वाचे एकक ठरले ते अशा रीतीने.

सक्तीच्या लागवडीची पद्धती

१८२५ ते १८३० ह्या काळातील दिपोनगोरोच्या युद्धात सुमारे दोन लाख जावानी माणसे मृत्यू पावली आणि डच खजिना रिता झाला. ह्या पार्श्वभूमीवर १८३० साली गव्हर्नर जनरल योहानेस फान डेन बोस ह्याने सक्तीच्या लागवडीची पद्धती अमलात आणली. तिचे तत्त्व ऐकण्यास सौम्य होते : गावाने आपल्या जमिनीचा एक-पंचमांश भाग युरोपीय बाजारपेठेच्या पिकांसाठी द्यावा, त्या भागावर सारा माफ व्हावा, पिकाचे मूल्य साऱ्याहून अधिक भरल्यास वाढावा गावास मिळावा, आणि ज्यांना जमीन नाही त्यांनी वर्षातील एक-पंचमांश दिवस श्रम द्यावे. व्यवहार ह्याहून निराळा झाला. लुराहांना व अधिकाऱ्यांना उत्पन्नावर टक्केवारी मिळत असल्याने लागवड वाढविण्यात त्यांचे हित होते. ऊस पंधरा महिने किंवा अधिक काळ उत्तम खाचरे अडवून ठेवी व पाणीही खाई. कॉफीचे मळे डोंगरात असल्याने तेथवर मैलोगणती चालत जावे लागे. निळीचे काम तर विशेष कष्टाचे मानले जाई.

ह्या पद्धतीतील एक गोष्ट विशेष विचारात घेण्याजोगी आहे. सक्तीच्या पिकांखाली आलेली जमीन लागवडीखालील एकूण जमिनीचा अल्पसा भाग होती. परंतु १८४० च्या सुमारास ह्या पिकांसाठी राबणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. म्हणजे सरकारने गावाकडून मुख्यतः घेतले ते श्रम. आणि श्रमाचे दायित्व जमीनधारकावर असल्यामुळे, अधिक श्रम हवे तर अधिक जमीनधारक हवे, असा हिशेब उभा राहिला. अनेक गावांत सिकेपांच्या जमिनीचे तुकडे पाडून नुम्पांगांना वाटा देण्यात आला. काही ठिकाणी दर काही वर्षांनी जमिनीची फेरवाटणी होऊ लागली. कालच्या आश्रिताला खाचर मिळाले. पण त्या खाचराबरोबर रस्ता, कालवा, कारखाना आणि मळा ह्यांवरची वेठही त्याच्या वाट्याला आली. आर. ई. एल्सन ह्यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे ह्या काळात काही भागांत गावात पैसाही खेळू लागला आणि ही सर्व प्रक्रिया निव्वळ विनाशाची नव्हती. तथापि वाटणीमागची प्रेरणा समतेची होती असे म्हणता येत नाही.

पद्धतीचा कडेलोट झाला तो १८४९-५० मध्ये मध्य जावातील देमाक व ग्रोबोगान ह्या भागांत. पिके बुडाली, तरी सारावसुली ढिली झाली नाही; हजारो माणसे उपासमारीने व रोगाने मेली आणि हजारो परागंदा झाली. इकडे १८३१ ते १८७७ ह्या काळात जावातून नेदरलंड्सच्या खजिन्यात ८० कोटींहून अधिक गिल्डर जमा झाले. त्यातून राष्ट्रीय कर्ज फेडले गेले व लोहमार्ग उभे राहिले. बांतेनमध्ये काही काळ अधिकारी असलेला एडुआर्ड डाउवेस डेकर ह्याने मुलतातुली ह्या टोपणनावाने १८६० साली लिहिलेल्या 'माक्स हावेलार' कादंबरीने हा प्रश्न डच वाचकांपुढे मांडला.

वेठ सरते, जमीन उरते

१८६८ च्या सुमारास डच सरकारने जावातील जमीनहक्कांची मोठी पाहणी केली व ८०८ गावांची माहिती जमविली. ह्या पाहणीत एकच एक 'जावानी ग्रामपद्धती' आढळली नाही. पश्चिमेकडील बांतेन व प्रियांगान भागांत व्यक्तिगत हक्क प्रबळ होता, तर मध्य जावा व उत्तर किनाऱ्यावर सामाईक धारणा व फेरवाटणी अधिक होती. जेथे वेठीचा ताण मोठा होता अशा कित्येक भागांत सामाईक धारणाही दृढ झालेली दिसते. पुरातनपणापेक्षा ह्या ताणानेच तिचा उलगडा अधिक चांगला होतो.

१८७० च्या कृषिविषयक कायद्याने खाजगी भांडवलाला पडीक जमीन ७५ वर्षांच्या पट्ट्याने घेण्याची मुभा दिली. ऊसाची सक्ती १८९० च्या सुमारास संपली. कॉफीची मात्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत रेंगाळली. साखर कारखाने आता गावाची खाचरे रोख खंडाने घेऊ लागले. वेठ जसजशी रोख करात रूपांतरित झाली, तसतसे जमिनीच्या वाट्याबरोबर येणारे ओझे हलके झाले आणि जमिनीचे मोल चढले. फेरवाटणी थांबून वाटे कायम होत गेले. ज्यांच्याकडे त्या वेळी जमीन होती त्यांची ती राहिली. दरम्यान लोकसंख्या वाढत होती. रॅफल्सच्या १८१५ च्या गणनेत ती सुमारे ४६ लाख होती. हा आकडा आज कमी मानला जातो. १९३० च्या जनगणनेत जावा व मदुरा मिळून ती ४ कोटी १७ लाखांवर गेली.

ह्या संक्रमणाला शेतकऱ्यांनी दिलेले एक उत्तर उल्लेखनीय आहे. १८९० च्या सुमारास ब्लोरा भागात सामिन सुरोसेंतिको ह्या शेतकऱ्याने जमीन, पाणी व लाकूड सर्वांचे आहे, म्हणून कर व वेठ देण्याचे कारण नाही, अशी शिकवण दिली. त्याच्या अनुयायांनी शस्त्र उचलले नाही. त्यांनी फक्त नकार दिला. १९०७ साली सरकारने सामिनला सुमात्रात हद्दपार केले व तेथेच १९१४ मध्ये तो वारला. त्याचे अनुयायी स्वतःस 'सिकेप' म्हणवीत व आजही म्हणवितात. ज्या शब्दात एके काळी वेठीचे दायित्व सामावले होते, तोच शब्द वेठ नाकारणाऱ्यांनी आपला मान म्हणून घेतला.

वाटून घेतलेले दारिद्र्य?

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्‌झ ह्यांनी १९६३ साली अशी उपपत्ती मांडली की, वाढत्या लोकसंख्येला भातखाचरांत सामावून घेताना जावानी गावाने श्रम व उत्पन्न ह्यांचे अधिकाधिक बारीक वाटे केले व दारिद्र्य सर्वांनी वाटून घेतले. ही उपपत्ती दीर्घकाळ प्रभावी राहिली. नंतरच्या संशोधनाने तिच्या मर्यादा दाखविल्या. मासरी सिंगारिम्बुन व डी. एच. पेनी ह्यांनी योग्यकर्ताजवळील श्रीहार्जो गावाचा जो अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला, त्यात जमिनीची टंचाई व तिची विषम विभागणी ही दोन्ही स्पष्ट झाली. बेंजामिन व्हाइट ह्यांनी त्याच दशकात दाखविले की, गरीब घरातील स्त्रिया व मुलेही अत्यल्प मोबदल्यासाठी दिवसाचे अनेक तास राबत होती.

वाटणीची रीत किती सशर्त होती हे हरितक्रांतीच्या काळात पुन्हा दिसून आले. १९७० नंतर अनेक जमीनधारक उभे पीक व्यापाऱ्यास विकू लागले. ह्या प्रकारास 'तबासान' म्हणतात. व्यापारी आपले मोजके मजूर आणी व विळ्याने कापणी करी. अनि-अनि मागे पडली आणि गावातील स्त्रियांचा बावोनचा हक्क आक्रसला. त्याच सुमारास भातगिरण्या आल्या आणि उखळ-मुसळावर मिळणारी स्त्रियांची मजुरीही गेली. तत्पूर्वी १९६० च्या भूमिविषयक कायद्याने जमिनीच्या पुनर्वाटपाचे आश्वासन दिले होते. ते गावोगाव अमलात आणू पाहणारी चळवळ १९६५-६६ च्या हत्याकांडात चिरडली गेली. त्यामुळे नव्या बियाण्यांचे व खतांचे युग आले तेव्हा भूमिहीनांच्या बाजूने बोलणारे गावात फारसे कोणी उरले नव्हते. १९८४ साली इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. मात्र जावातील बहुसंख्य भूमिहीनांच्या दृष्टीने ही स्वयंपूर्णता दुसऱ्याच्या खाचरात पिकलेली होती.

सारांश, देसातील ऐक्य ही केवळ दंतकथा नव्हे. पाणी, कापणी, 'स्लामेतान'ची सहभोजने, घर शाकारण्यास धावून येणारे शेजारी ह्यांत ते खरोखर वावरत होते. परंतु ते आपोआप टिकणारे नव्हते. वरून भार येई तेव्हा सर्वांना वाटा मिळाला. भार उतरून लाभ आला तेव्हा वाटा मागणारे पुष्कळ झाले आणि देणारे थोडे राहिले. म्हणून जावातील गावाचा कागद वाचताना जमीन कोणाच्या नावे होती एवढे पाहून भागत नाही. तिच्याबरोबर ओझे कोणी उचलले, आणि ते उतरल्यावर तो माणूस कोठे गेला, ह्या प्रश्नांची उत्तरेही त्याच कागदात शोधावी लागतात.