बस-सुरक्षा नोंदींचे प्रकटीकरण (सातारा–सांगली)

प्रवासी बस चालवणाऱ्या संस्थेचे अपघात, तिच्या गाड्यांची तपासणी, विमा आणि नियमभंगाबद्दल झालेले दंड यांची माहिती प्रवाशाला तिकीट काढण्यापूर्वी पाहता येणे, म्हणजे सुरक्षा-नोंदींचे प्रकटीकरण. अमेरिकेत अशी नोंद कंपनीच्या नावावर असते. तेथील संघीय सरकारने २०१२ मध्ये त्यासाठी मोबाइल ॲपही काढले. भारतात ती गाडीच्या नंबरावर असते. प्रवासी मात्र तिकीट कंपनीचे नाव पाहून काढतो.

पुणे–बंगळूर महामार्ग खंबाटकी घाट, सातारा, कराड, पेठ नाका असा सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. जावळी-पाटणचे मुंबईतील माथाडी कामगार, विटा-आटपाडीकडचे देशभर पांगलेले गलाई (सोने-चांदी गाळणारे) व्यावसायिक, पुण्यात शिकणारी मुले हे सारे गावी येतात-जातात ते एसटीने, नाहीतर ‘ट्रॅव्हल्स’ने.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणारी एसटी सार्वजनिक संस्था असल्याने तिला २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या राज्य परिवहन उपक्रमांच्या आढाव्यात तिच्या अपघातांचे आकडेही छापले जातात. पण ते अख्ख्या महामंडळाचे. कराड आगाराची कामगिरी बरी की मिरजेची, हे त्यावरून उमगत नाही. विनाअपघात सेवेबद्दल चालकांचा सत्कार होतो आणि त्याची बातमी येते. सामान्य प्रवाशापर्यंत पोहोचणारी एसटीची सुरक्षा-नोंद बहुधा एवढीच.

खासगी आरामबसचे तेवढेही कळत नाही. त्या आढाव्यात खासगी कंपन्या नसतात आणि माहितीचा अर्ज करायचा तो कंपनीकडे नव्हे, आरटीओकडे. हाताशी उरते ते केंद्राचे ‘एमपरिवहन’ ॲप. गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, फिटनेस (बोलीत ‘पासिंग’), विमा आणि पीयूसी यांच्या मुदती दिसतात. बस आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी करावे लागते. पासिंग हा तपासणीच्या दिवसाचा दाखला आहे. टायर त्यानंतर किती झिजले, किंवा चालक सलग दुसऱ्या रात्री स्टिअरिंगवर बसला आहे का, हे त्यात नसते. शिवाय नंबर हाती येतो तो पैसे भरल्यावर, गाडी सुटायच्या काही तास आधी. आयत्या वेळी गाडी बदलली तर थेट थांब्यावर. तिकीटविक्रीच्या ॲपवरचे तारे पाहून भरवसा ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्या ताऱ्यांत एसी, ब्लँकेट आणि ब्रेक यांचा एकच काला झालेला असतो.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकमध्ये खासगी बस पेटून १२ जण मेले. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ आणखी एक खासगी बस जळाली, त्यात २५ जण गेले. एखाद्या कंपनीच्या साऱ्या गाड्यांचा पूर्वेतिहास एका जागी पाहण्याची सोय प्रवाशाला तेव्हा नव्हती, अजूनही नाही. परवाना देताना सरकार कंपनीला ओळखते. मग तीच ओळख प्रवाशाला दाखवण्यात तांत्रिक अडचण असण्याचे कारण दिसत नाही.

तोवर हाती उरतो तो गाडीचा नंबरच. सांगलीच्या गाड्यांना एमएच १०, साताऱ्याच्या एमएच ११ आणि कराडच्या एमएच ५० हे क्रमांक आहेत. पुणे–बंगळूर महामार्गावर परराज्यातल्या पाट्यांच्या आरामबसही धावतात. त्यांचा नंबरही ‘एमपरिवहन’मध्ये टाकून पाहता येतो.