पडलेला मावळा परत कुठून येतो?

गेल्या दिवाळीत आमच्या गराजमध्ये रायगड झाला. केंब्रिजला ऑक्टोबरच्या शेवटी अंगणातली माती हातात धरवत नाही, म्हणून दुकानातून मातीच्या पिशव्या आणल्या, खाली खोकी रचली, वर ओलं गोणपाट टाकलं. अळीव पेरले होते, पण थंडीने ते काही उगवले नाहीत. असो. माझा नऊ वर्षांचा मुलगा मावळे मांडत होता. बुरुजावरचा एक मावळा गडगडत खाली आला, तसं त्याने विचारलं, "बाबा, हा मेला तर परत कुठून येतो?"

मंडळी, दोष माझाच. घरात व्हिडिओ गेमचा नाद मला आहे. युद्धाच्या गेममध्ये आपला सैनिक मेला की काही सेकंदांत दुसऱ्या जागी पुन्हा जन्म घेतो, आणि मुलाने हे माझ्या पडद्यावर शंभर वेळा पाहिलं आहे. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आपापल्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या हजारो माणसांना एकाच वेळी 'आपण खरंच रणांगणावर आहोत' असं का वाटतं? बहुतेक लोक म्हणतील, ग्राफिक्समुळे. मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, तरी मला हे उत्तर पटत नाही. त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

युद्धाचा खेळ ही आपल्याकडची जुनी गोष्ट. साधारण सहाव्या शतकापासून भारतात माहीत असलेल्या चतुरंगात सैन्याची चार अंगं होती: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्यातूनच पुढे बुद्धिबळ आलं. पण पटावर शत्रूची प्रत्येक सोंगटी दिसते. खऱ्या सेनापतीचं नशीब एवढं कुठलं! ही उणीव प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 साली भरून काढली. त्याच्या 'क्रीगश्पील' या खेळात दोन्ही पक्ष आपले हुकूम लिहून मधल्या पंचाकडे देत, आणि शत्रूच्या ज्या तुकड्या खरोखर दिसू शकल्या असत्या तेवढ्याच पंच नकाशावर ठेवी. बाकी सगळं अंधारात. खेळणाऱ्याला घाम फुटायचा तो या अंधारामुळे.

कॉम्प्युटरवरच्या खेळाची गंमत तर आणखी वेगळी. 1978 साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांनी एकत्र खेळायचा एक गेम लिहिला. त्याचं नाव 'मड'. ही आद्याक्षरं आहेत, पण इंग्रजीत मड म्हणजे चिखलच! आपला दिवाळीचा किल्ला आणि हा गेम नावाने तरी सख्खे भाऊ. त्यात चित्र एकही नव्हतं, नुसता मजकूर. तरी लोक रात्र रात्र खेळत, कारण समोरच्या ओळीमागे जिवंत माणूस होता.

माणसं वाढली की मात्र इंजिनिअरची झोप उडते. शंभर खेळाडू असतील तर प्रत्येकाची हालचाल उरलेल्या 99 जणांना कळवायची, म्हणजे 9,900 निरोप. हजार झाले की हाच आकडा 9,99,000 होतो. खेळाडू दहापट, काम शंभरपट! आइसलँडच्या 'ईव्ह ऑनलाइन' या 2003 सालच्या अंतराळयुद्धाच्या गेमने यावर अजब तोडगा काढला. गर्दी झाली की गेममधला काळच हळू करायचा, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. 27 जानेवारी 2014 ला त्यात जी लढाई पेटली ती सुमारे 21 तास चालली आणि साडेसात हजारांहून जास्त लोक तिच्यात उतरले. ठिणगी कशाने पडली? एका गटाकडून आपल्या ताब्यातल्या प्रदेशाचा हप्ता भरायचा राहिला! सगळं मुंगीच्या गतीने चाललेलं, तरी कोणी उठून गेलं नाही. कारण तिथे बुडालेलं जहाज परत मिळत नाही. ते बांधायला माणसांचे महिने गेलेले असतात.

आता आपल्या दाराशी येतो. 'फॉक्सहोल' हा गेम टोरोंटोच्या सीज कॅम्प या कंपनीचा, म्हणजे आमच्यापासून 401 वरून तास-सव्वा तासावरचा. 2016 मध्ये तो कच्च्या रूपात आला, 2022 च्या सप्टेंबरात पूर्ण झाला. दोन बाजू, एक मोठा नकाशा, आणि एकेक युद्ध काही आठवडे चालतं. आपण झोपलो तरी ते थांबत नाही. खरी मेख पुढे आहे. त्यात बंदूक, गोळी, रणगाडा काहीही आयतं मिळत नाही. कोणीतरी हातोडा घेऊन भंगार खणतो, कोणी ते गाळतो, कोणी कारखान्यात माल बनवतो आणि कोणीतरी तो ट्रकमध्ये भरून आघाडीवर नेतो. एवढंच काय, मेलेल्या सैनिकाने पुन्हा उभं राहायचं तर ठाण्यात त्याच्यासाठी आणलेला शिधा-कपड्यांचा साठा शिल्लक लागतो. साठा संपला, की परत येणं बंद.

मी हा गेम ट्रक चालवून खेळलो. नेमबाजीत मी अगदीच ढ. 2021 च्या जानेवारीत ऑंटारिओत घराबाहेर पडू नका असा हुकूम होता, तेव्हा रात्री मुलगा झोपला की मी माल वाहायचो. एका रात्री वेढ्यातल्या ठाण्याकडे साठा घेऊन निघालो होतो. वाटेत ऑफिसचा फोन आला, क्लायंटची सिस्टिम बंद पडली होती. ट्रक रस्त्याकडेला सोडून मी कामाला लागलो. दीड तासाने परतलो तेव्हा ठाणं पडलं होतं. मला कोणी काही बोललं नाही, कोणाला माझं नावही ठाऊक नव्हतं. पण अंथरुणावर पडल्यावर मला झोप येईना.

दुसऱ्या दिवशी अण्णांशी, म्हणजे वडिलांशी, फोनवर बोलताना हे सांगून बसलो. ते मिरजेला हायस्कुलात इतिहास शिकवायचे. वाटलं, आता ओरडा बसणार. ते म्हणाले, "तू आयुष्यात पहिल्यांदा पानिपत समजून घेतलंस." संक्रांतीचे दिवस होते, 14 जानेवारी 1761 ला तेव्हा 260 वर्षं होत होती.

शाळेत आम्ही पानिपत एका दिवसाची लढाई म्हणून पाठ केलं होतं. अण्णांनी त्याआधीचे अडीच महिने सांगितले. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. सैन्याबरोबर यात्रेकरू, बायकापोरं, बाजारबुणगे, म्हणजे न लढणारी तोंडं कितीतरी. दुआबात शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले आणि उरलीसुरली आशा गेली. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणून फौज बाहेर पडली. "इब्राहिमखान गारद्याच्या तोफा सगळ्यांना माहीत असतात," अण्णा म्हणाले, "पण फौजांना धान्य पुरवणाऱ्या बंजाऱ्यांच्या बैलांबद्दल मला एकाही पोराने कधी विचारलं नाही. मीही कधी शिकवलं नाही."

त्या एका वाक्यात मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. शत्रू दिसत नाही, गेलेली वस्तू परत येत नाही आणि कोणीतरी अनोळखी माणूस आपल्या कंटाळवाण्या कामावर विसंबून आहे, या तीन गोष्टी जमल्या की खेळ खरा वाटू लागतो. 2022 च्या जानेवारीत फॉक्सहोलच्या माल वाहणाऱ्या शेकडो खेळाडूंनी चक्क संप केला. काम फार किचकट आहे, सुधारणा करा, ही मागणी. खेळात संप! हसू येतं, पण मला त्यांचं म्हणणं पुरतं कळलं होतं.

मात्र खेळ खरा वाटणं आणि खरा असणं यांत फरक आहे, आणि मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. नानासाहेब पेशव्यांना पानिपताची बातमी पोचली ती सावकारी भाषेत, माणसांच्या जागी मोती, मोहरा आणि खुर्दा मोजून. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. तिकडे पडलेलं कोणी परत आलं नाही. आजही आपण 'पानिपत झालं' म्हणतो, आणि संक्रांतही आपल्या भाषेत 'कोसळते'.

गराजमध्ये बसून मुलाला एवढंच सांगितलं, "खरा मावळा परत येत नाही रे. म्हणून तो पडू नये याची तयारी आधी करायची. त्याला जेवायला कोण आणून देतं, ते मांड बघू." त्याने पडलेला मावळा उचलला, आडवाच एका खोक्यात नीट ठेवला. मग घरात गेला आणि आपला पिवळा खेळण्यातला ट्रक घेऊन आला. त्यात मूठभर तांदूळ भरून रायगडाच्या पायथ्याशी उभा केला. व्हिडिओ कॉलवर आजोबांना किल्ला दाखवला तेव्हा अण्णांनी चष्मा पुसून विचारलं, "शिवकाळात ट्रक?"

"बैल नव्हते, आजोबा," तो म्हणाला.

यंदा येताना अण्णा मिरजेहून मातीचे बैल आणणार आहेत. सामानात फुटले नाहीत तर दिवाळीत जरूर बघायला या. आपणां सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!