चाकांची साक्ष

जुन्या वस्तूंचा इतिहास लिहिणारास सर्वांत अधिक फसविणारा शब्द कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही 'मूळचा' या शब्दाकडे बोट दाखवू. नकलांवर 'खरी नक्कल' असा शिक्का उमटलेला पाहण्यात ज्यांचे दिवस जातात, त्या आमच्यासारख्या कारकुनांस तरी या शब्दाविषयी सावध राहणे भाग आहे. खरी नक्कल खरी असते, परंतु ती मूळ नसते. हा भेद कागदांपुरताच आहे असे मात्र नाही. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत धावलेल्या मोटारींच्या लोखंडी चाकांनीही तोच प्रश्न उभा केला आहे, आणि त्या चाकांची हकीकत कोणत्याही इतिहासाभ्यासकास उपयोगी पडावी अशी आहे.

प्रथम या मोटारींविषयी थोडेसे. १९६४ साली पाँटिॲकने आपल्या मध्यम आकाराच्या टेंपेस्ट ल मॉन्स या गाडीत मोठ्या गाड्यांचे ३८९ घनइंची इंजिन बसवून 'जीटीओ' नावाने ती विकावयास काढली. बेताची किंमत, मध्यम बांधा आणि अफाट शक्ती, असा हा योग होता. शेव्हरले, फोर्ड, डॉज, प्लिमथ यांनीही तोच मार्ग धरला, आणि या जातीच्या गाड्यांस 'मसल कार' हे नाव पडले. हा बहर फार काळ टिकला नाही. विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आणि १९७३ चा तेलाचा तुटवडा यांनी त्याचा शेवट केला. पुढे तरुणांच्या हौसेची ही वाहने प्रौढांच्या संग्रहाची वस्तू झाली, त्यांच्या किमती भडकल्या, आणि प्रत्येक भाग कारखान्यातलाच आहे काय, याची चौकशी सुरू झाली.

या चौकशीत चाकास विशेष स्थान आहे. साठच्या दशकाच्या आरंभी साध्या गाडीचे चाक म्हणजे दाबून घडविलेली पोलादी तबकडी आणि तिच्यावर एक टोपी, एवढाच थाट असे. शर्यतीच्या गाड्यांची हलकी धातूची चाके पाहून तरुणांस त्यांची ओढ लागली, आणि अमेरिकन रेसिंग व क्रेगार यांसारख्या खासगी उत्पादकांनी ती ओढ ओळखली. क्रेगारचे 'एस/एस' चाक १९६४ साली बाजारात आले. मोटार कंपन्याही मग मागे राहिल्या नाहीत. त्यांनी पोलादातच नक्षीदार चाके घडविली व ती जादा किमतीस देऊ केली. पाँटिॲकची 'रॅली' चाके याच काळातली. शेव्हरलेची रॅली चाके १९६७ सालची, आणि त्यांच्या जन्मास केवळ शोभा कारण नव्हती. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला चाकाच्या पोटात अधिक जागा लागे आणि ब्रेक थंड राहण्यास वारा लागे. चाकातील पाच खाचा त्यासाठी उपयोगी पडत.

येथेच पहिला घोटाळा आहे. चाक पुष्कळदा मोटार कंपनी स्वतः करीत नसे. केल्सी-हेज किंवा मिशिगनमधील लॅन्सिंग गावची मोटर व्हील कॉर्पोरेशन अशा कारखान्यांकडून ते येई. मोटर व्हीलचे 'मॅग्नम ५००' हे पाच आऱ्यांचे चाक फोर्डच्या मस्टँगवर दिसते, तसेच डॉज आणि प्लिमथवरही दिसते. म्हणजे केवळ रूप पाहून चाकाचे घराणे सांगू जाणे धोक्याचे. जाणकार म्हणून प्रथम मोजपट्टी हाती घेतो. जनरल मोटर्सच्या या वर्गातील गाड्यांच्या चाकांस पाच नट ४¾ इंच व्यासाच्या वर्तुळावर बसतात. फोर्डच्या व क्रायस्लरच्या मध्यम गाड्यांत ते वर्तुळ ४½ इंचांचे असते. रुंदीही कडेपासून कडेपर्यंत मोजावयाची नसते. टायर ज्या दोन बैठकींवर बसतो, त्यांमधील अंतर म्हणजे रुंदी. सात इंची चाक बाहेरून सुमारे आठ इंच भरते, आणि नवख्या खरेदीदाराची फसगत येथेच होते.

मोजमाप जुळले की मग शिक्क्यांकडे वळावयाचे. शेव्हरलेच्या रॅली चाकावर, हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या छिद्राजवळ, ठोकून उमटविलेली अक्षरे असतात. दोन अक्षरांचा संकेत चाकाचा प्रकार सांगतो. त्याखेरीज तारखेची एक ओळ असते. तीत 'के' हे अक्षर म्हणजे केल्सी-हेज, पुढील '१' म्हणजे शेव्हरले, आणि त्यापुढे वर्षाचा शेवटचा अंक, महिना व दिवस. 'के–१–९–२–१२' असे वाचावयास मिळाले तर ते चाक १२ फेब्रुवारीचे, आणि वर्ष नऊ या अंकाने संपणारे. पण ते १९६९ की १९७९? रॅली चाके पुढे पुष्कळ वर्षे निघत राहिली, त्यामुळे शिक्का एकटा याचे उत्तर देत नाही. प्रकाराचा संकेत आणि मोजमाप त्याच्या जोडीस घ्यावे लागते.

समजा, वर्षही ठरले. गाडी मार्च १९६९ मध्ये जुळविली गेली आणि चाक त्याच वर्षीच्या फेब्रुवारीचे निघाले. मग ते त्याच गाडीचे मूळ चाक झाले काय? आमच्या मते, नाही. चाक ऑगस्टचे असते तर ते मूळचे नव्हे, असे ठामपणे म्हणता आले असते; जी वस्तू तेव्हा घडलीच नव्हती ती गाडीस लागणार कशी? परंतु फेब्रुवारीच्या तारखेने एवढेच सिद्ध होते की, ते मूळचे असणे अशक्य नाही. जुन्या सनदांच्या कागदावरील जलचिन्हाची साक्षही अशीच असते. नंतरचे जलचिन्ह सनद खोटी ठरविते. आधीचे जलचिन्ह तिला खरी ठरवीत नाही. १९६८ पासूनच्या इंजिनांवर गाडीच्या क्रमांकाचा अंश कोरलेला आढळतो, पण चाकावर तो नसतो. कामगार ढिगातून चाके उचलून लावीत, आणि कोणते चाक कोणत्या गाडीस गेले याची नोंद कोणी ठेवीत नसे.

नोंदी मुळीच नाहीत असेही नव्हे. जुळणीच्या वेळचा कागद कधी मागच्या बैठकीच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची माहिती केव्हिन मार्टी यांच्याकडील नोंदींतून मिळते, आणि पाँटिॲकच्या गाड्यांसाठीही अशी सोय आहे. या कागदांवरून चाकाचा कोणता प्रकार गाडीस नेमला होता हे कळते. १९६९ ची 'जीटीओ जज' ही गाडी रॅली-दोन चाकांसह, पण कडेच्या चकचकीत कड्यांवाचून दिली जाई. आज ती कडी लावलेली दिसली की जाणकार भुवया उंचावतो. मात्र कागद प्रकारापर्यंतच नेतो, वस्तूपर्यंत नेत नाही. अनेक तरुणांनी गाडी घेताच कारखान्याची चाके काढून क्रेगारची बसविली होती. पुष्कळदा डिकीत पडून राहिलेले जादा चाकच काय ते जुन्या रंगासह टिकलेले असते.

आणि एक प्रकरण तर असे आहे की, तेथे कागद व वस्तुस्थिती परस्परांस सोडून जातात. १९६९ च्या मॉडेलसाठी क्रायस्लरने केल्सी-हेजची एक जोडचाके देऊ केली: मध्य ॲल्युमिनियमचा, कड क्रोम चढविलेल्या पोलादाची. त्यांचा संकेत 'डब्ल्यू २३'. ती चाके नीट आवळून राहात नाहीत, त्यांचे नट सैल होतात, असे आढळले. कंपनीने ती परत मागविली आणि साधी पोलादी चाके लावून दिली. त्यांतली फार थोडी आज उरली आहेत आणि संग्राहक त्यांस 'परत बोलाविलेली चाके' म्हणूनच ओळखतात. आता ज्या गाडीच्या कागदावर 'डब्ल्यू २३' आहे तिचे मूळ चाक कोणते? कागदावरचे, की ज्यांवर ती प्रत्यक्षात वर्षानुवर्षे धावली ते? दुर्मीळ चाके शोधून ती बसविणारा संग्राहक कागदाशी प्रामाणिक राहतो. पण गाडीच्या आयुष्याशी तो प्रामाणिक राहतो असे आम्हांस म्हणवत नाही.

कॉर्व्हेट या क्रीडामोटारीच्या प्रेमिकांनी १९७४ साली स्थापिलेली एक संस्था आहे. तिचे परीक्षक, गाडी कारखान्यातून सामान्यतः जशी बाहेर पडे तशी ती आज आहे काय, एवढेच पाहतात. यात आम्हांस शहाणपण दिसते. जे सिद्ध करता येते तेवढाच दावा ते करतात. याउलट हौशी दुरुस्तीवाला चाकावर वाळूचा मारा करितो, जाड रंग चढवितो आणि शिक्क्याच्या खाचा बुजवून टाकितो. चाक नवे दिसते आणि त्याची साक्ष मुकी होते. विकणाराच्या जाहिरातीत मात्र 'मूळची चाके' हे शब्द ठळक राहतात, आणि त्या दोन शब्दांसाठी घेणारा भली मोठी रक्कम मोजतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. 'त्या काळास योग्य' आणि 'याच गाडीचे' हे दोन शब्दप्रयोग कधीही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. पहिल्यास मोजपट्टी, शिक्का व कागद पुरेसे आहेत. दुसऱ्यास पहिल्या मालकापासून अखंड चालत आलेली साक्ष हवी: एखादे जुने छायाचित्र, एखादी पावती, गाडी कधीच न विकलेल्या घराचे सांगणे. ती नसेल तर पहिल्यावर समाधान मानावे आणि तसे स्पष्ट लिहून ठेवावे. ते चाक आज ज्याच्या हाती आहे त्याच्यानंतर आणखी कोणाच्या तरी हाती जाणार आहे, आणि त्या माणसास आपण जेवढे जाणत होतो तेवढेच सांगून जाणे हे आपले कर्तव्य आहे.