जुनी दुचाकी घेताना इंजिन ऑइल आणि आरसी कशी तपासावी?

टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील गाव. अशा गावात शेत, बाजार, दवाखाना, तालुक्याचे काम यांसाठी घरची दुचाकीच कामी येते आणि अनेक घरांत ती जुनीच घेतलेली असते. सौदा करताना रंग, टायर आणि मीटरवरचे किलोमीटर पाहिले जातात. पुढे खर्चात पाडणाऱ्या गोष्टी मात्र दोनच असतात. इंजिन आतून किती झिजले आहे आणि सरकारदरबारी गाडी कोणाच्या नावावर आहे. पहिलीचा अंदाज ऑइलवरून येतो, दुसरी आरसीवरून कळते.

ऑइलचे काम काय?

गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच ऑइल असते. ते घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचे बारीक कण स्वतःत धरून ठेवते. त्यामुळे काही दिवस चाललेले ऑइल काळे दिसले, म्हणजे ते खराबच झाले असे नाही. काळजी करावी ती पातळी कमी झाल्यावर, ऑइल चिकट गाळासारखे झाल्यावर किंवा त्यात चमकणारे धातूचे कण दिसल्यावर.

कोणते ऑइल टाकावे?

डब्यावरचे १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हे आकडे ऑइलचा दाटपणा सांगतात. पहिला आकडा थंड इंजिनसाठी, दुसरा तापलेल्या इंजिनसाठी. उन्हाळा कडक आहे म्हणून दाट ऑइल टाकण्याची गरज नाही. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेडच वापरावा. मोटारसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ अशी खूण पाहावी. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असू शकतात. ऑइलमध्ये बुडालेला क्लच त्यामुळे घसरतो, इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र ओढत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरसाठी सहसा ‘एमबी’ ऑइल असते.

केव्हा बदलावे?

पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी पूर्ण होईल ते धरावे. घर ते शेत अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, आतला ओलावा उडून जात नाही आणि ऑइल लवकर बिघडते. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टरही लवकर भरतो. म्हणून गाडी कमी चालली तरी ऑइल वर्षानुवर्षे तेच ठेवू नये. पातळी तपासताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावावी, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे आणि दोन-तीन मिनिटांनी पाहावे.

जुनी गाडी कशी पाहावी?

• गाडी आधी सुरू करून ठेवू नये, असे मालकाला सांगावे. पोचल्यावर इंजिन थंड आहे ना, ते हात जवळ नेऊन पाहावे.
• सकाळी सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ येणे साधे आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रेस वाढवताना तो सतत येत असेल तर पिस्टन रिंग, आणि रेस सोडून पुन्हा दिल्यावर भपकन येत असेल तर व्हॉल्व्ह सील झिजलेले असण्याची शक्यता असते. काळा धूर जास्त पेट्रोल जळत असल्याची खूण आहे.
• इंजिनखाली ओल आणि ड्रेन नटाजवळ ठिबकण पाहावी.
• ऑइल अगदी नवे असेल तर ते का व केव्हा बदलले, हे विचारावे. दाट ऑइल टाकून आवाज आणि धूर काही दिवस दाबता येतो.
• मीटर कमी आणि फूटरेस्टचे रबर, ब्रेक पेडल, चेन-स्प्रॉकेट गुळगुळीत झिजलेले, असे असेल तर मीटरवर विसंबू नये.
• ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेऊन गाडी चालवून पाहावी.

कागदपत्रे

जालन्याचे पासिंग एमएच २१ आहे. पण तालुक्याला बुलडाणा जिल्हा लागून असल्याने एमएच २८ ची, तसेच छत्रपती संभाजीनगरची एमएच २० ची गाडीही विकायला येऊ शकते. पासिंग कुठलेही असो, चेसिस व इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवावेत. विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलाने पाहावीत. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्यावा. नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरावा लागतो, तो खर्च किमतीतून वजा धरावा.

नाव न बदलल्यास काय होते?

हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत नव्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

‘सही केलेले फॉर्म आहेत, नाव नंतर करू’ हे वाक्य दोघांनाही महाग पडू शकते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. त्यातील गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच आली. म्हणून विकणाऱ्याने पैसे हाती पडले की सुटलो असे समजू नये, आणि घेणाऱ्याने दुसऱ्याच्या नावावरची गाडी फिरवू नये.

व्यवहारानंतर

नावाचा अर्ज झाला की पहिले काम ऑइल बदलण्याचे. आधीच्या मालकाने काय टाकले होते याचा प्रश्नच उरत नाही. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहावेत. काढलेले ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतू नये, तो नियमांनुसार घातक कचरा आहे. ते गॅरेजमध्ये द्यावे. पुढे गाडी विकायची वेळ आली, तर हीच वही घेणाऱ्यासमोर ठेवता येते.