बोटांखालची देवनागरी

१९२८ मध्ये कुलाब्याहून बोरीवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि १९५७ मध्ये बोरीवली बृहन्मुंबईत आली. गावाचे उपनगर झाले आणि त्याचा संसार फोर्टातल्या कचेऱ्यांच्या पगारावर उभा राहू लागला. कारकुनाच्या नोकरीला टायपिंग लागे. १९५५ पासून गोदरेज टाइपरायटर बनवू लागले होते. ‘मराठी तीस, इंग्रजी चाळीस’ हे मिनिटाचे शब्द नोकरी शोधणाऱ्या तरुणांना पाठ झाले. आज मुले मोबाइलवर शिकतात, पण यंत्रावर शिकणे ही गोष्ट उपनगरांना नवी नाही. त्या काळाकडे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते: यंत्र हाताशी आल्याने कौशल्य येत नाही, ते यंत्राभोवती उभ्या केलेल्या शिकवणीतून येते.

टायपिंग क्लासचा पहिला धडा म्हणजे ‘ए एस डी एफ जी एफ’. कळांकडे न बघता, ठरलेल्या तासात, बोटांना आपोआप वळण लागेपर्यंत तीच ओळ पुन्हा पुन्हा. मराठीचे वळण आणखी अवघड. टाइपरायटरवर ‘कि’ उमटवायचा तर डोळ्यांना दिसते त्या क्रमाने आधी वेलांटी, मग ‘क’. संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट कळफलकात मात्र उच्चाराप्रमाणे आधी ‘क’, मग वेलांटी. यंत्र बदलले की जुनी सवय मोडून नवी लावावी लागली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांसाठी खुले केले, २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम घराघरांत पोहोचला. टाइपरायटरच्या जागी संगणक आला, तरी तास, शिक्षक आणि परीक्षा राहिली.

यावर कोणी म्हणेल, ती घोकंपट्टी होती. तिने कारकून घडवले, विचार करणारी माणसे नव्हेत. आक्षेप खरा आहे. टायपिंगने विचार शिकवला नाही. पण भाषा लिहिण्याचे साधन पुरते हाती दिले, आणि विचार मांडायला ते लागतेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्लासला फी होती, मोबाइलने ज्ञानाचे दार गरिबालाही उघडले. तेही मान्य. पण २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा एका फोनवर दोन-तीन भावंडांचे वर्ग आले, आणि फोन असूनही शिकणे अडले. दार उघडे असणे आणि कोणी हात धरून आत नेणे यांतले अंतर तेव्हा साऱ्यांनी पाहिले.

आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये देवनागरी कळफलक फुकट मिळतो. तरीही मराठी शाळेत शिकलेली कितीतरी मुले मित्रांना मराठी निरोप रोमन अक्षरांत धाडतात. दोष त्यांचा नाही. आधीच्या पिढीला वेलांटीचा क्रम कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवला होता. यांच्याजवळ तसे कोणी बसलेच नाही. आठवड्यातला एक तास शाळेने यासाठी काढला, तर खिशातल्या यंत्रात आधीपासून असलेली देवनागरी या मुलांच्याही बोटांखाली येईल.